ओटीत दिलेली पोर

"काकू, गाडी आली वं! सरकारी गाडी!"

तृप्ती तलावाच्या पाळीवरून धावत अंगणात आली तेव्हा रंजू चुलीवरच्या गंजातले शिंगाडे झाऱ्याने खालीवर करत होती. झारा हातातच राहिला. दिवाळीपासून जिची धास्ती घेऊन ती निजत होती आणि उठत होती, ती गाडी आज खरोखरच आसगावात येऊन पोचली होती. चुलीपुढे उकिडवी बसलेली रंजू खाली मातीत टेकली, आणि कोणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून पुन्हा लगेच उठून बसली.

"काकू, तू अशी काहून करून राहिली?"

"कायी नाही बापा. धूर गेला डोळ्यात."

तृप्ती रंजूच्या पोटची पोर होती. दोन वर्षं तिच्याच अंगावर प्याली होती. पण ती रंजूला काकू म्हणायची, आणि आई म्हणायची ती रंजूच्या मोठ्या जावेला, म्हणजे रीताला. ही आई दर रविवारी मोबाइलमध्ये दिसायची. रीता नर्स होती, नागपूरच्या दवाखान्यातून ती आयर्लंडला गेली होती, आणि तिच्यामागून रंजूचा मोठा दीर भुपेंद्रही गेला होता. रीताची तीन लेकरं पोटातच गेली होती. तिसरं गेलं त्याच महिन्यात तृप्ती जन्मली. बारशाच्या दिवशी सासूने, बेबीबाईने, मासे धरणाऱ्या सगळ्या ढिवर मोहल्ल्यासमोर पाळण्यातून पोर उचलली, रीताच्या ओटीत घातली आणि म्हणाली, "हे तुयी." बाया रडल्या. म्हाताऱ्यांनी शाबासकी दिली. बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. आपल्याकडे न बोलणाऱ्या बाईला समजूतदार म्हणतात, तशी रंजू त्या दिवशी समजूतदार ठरली.

पोर मात्र राहिली आसगावातच. रीताची नागपूरला रात्रपाळी, मग परदेशाची परीक्षा, मग तिथलं बस्तान. बेबीबाईने पोरीच्या जिभेला पहिल्यापासून वळण लावलं, तिकडे रीता आई आणि इथे रंजू काकू. रंजूचा थोरला मुलगा अमर तिला माय म्हणायचा, आणि तृप्ती त्याला काकूचा पोरगा समजायची. शाळेत बापाचं नाव धनराज, म्हणजे रंजूच्या नवऱ्याचं, कसं, असं तिने एकदा विचारलं होतं. बेबीबाईचं उत्तर तयार होतं. "तुया बाप परदेशात हाये, मंग सही कोण करीन? म्हणून काकाचं नाव टाकलं." ढिवर मोहल्ल्यात एरवी कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण बेबीबाईच्या जिभेला सगळा मोहल्ला भ्यायचा, त्यामुळे हे एक गुपित सात वर्षं टिकलं.

आता ओटीतल्या पोरीला विमानात बसवायचं तर ओटी पुरत नव्हती. कायदा मध्ये आला होता. तिकडच्या सरकारी माणसांनी रीताचं घर पाहिलं होतं, पगार पाहिला होता, शेजाऱ्यांना विचारलं होतं. वर्षभर कागदांपायी त्या दोघांचा पैसा पाण्यासारखा गेला होता. आणि आज भंडाऱ्याहून बाल संरक्षणाची बाई पोरीचं इकडचं घर पाहायला आली होती.

"जास्त बोलू नोको," बेबीबाई आतून पदर सावरत आली आणि रंजूच्या कानाशी म्हणाली. "पुसलं तं हाव म्हण. नाही पुसलं तं गुमान राह्य."

रंजूने मान हलवली. मान हलवायची तिला सवय होती.

गाडीतून उतरलेली बाई तिशीतली होती, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. रुपा मेश्राम असं तिने नाव सांगितलं. रंजूला वाटलं होतं, कोणीतरी जाडजूड, डाफरणारी साहेबीण येईल. ही तर दारातल्या बकरीच्या पाठीवरून हात फिरवत आत आली. पण भीती अशी माणूस पाहून जात नाही. पवनीच्या बाजारात रंजूच्या शेजारी बसणाऱ्या केवळरामने तिला ऐकवलं होतं, की परदेशात पोरं नेतात आणि कोणाला घरकामाला जुंपतात, कोणाचं काय काढून घेतात. रीता असं करणार नाही, हे रंजूला ठाऊक होतं. तरी रात्री ते आठवायचं. आणि केवळराम नसता तरी तिच्याजवळ भीती कमी नव्हती. तिकडे थंडी किती असेल? पोरीला ताप आला तर रीता रात्रपाळीला असेल का? आणि मासा खायला दिला तर काटे कोण काढून देईल? रंजू तृप्तीच्या ताटातला मासा आजही स्वतः निवडून द्यायची. दोन वर्षांची असताना पोरीच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून रंजूने ते काम कोणावर सोडलं नव्हतं.

अंगणात खाटेवर बाईंना बसवलं. चहा झाला. धनराज तलावावरून जाळं टाकून तसाच आला होता, अर्धी चड्डी ओली. तो खाटेपासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुमचे भाऊ-भावजय तुम्हाला पैसे देतात का?" रुपाबाईंनी विचारलं.

धनराजने आधी आईकडे पाहिलं आणि मग घराकडे. घरावरचे पत्रे नवे होते, उन्हात चमकत होते. भुपेंद्रनेच पैसे पाठवले होते, मागच्या पावसाळ्याआधी.

"भाऊ भावाले देते जी," बेबीबाई म्हणाली. "त्यात काय?"

"द्यावेत की. पण मला विचारावं लागतं. मुलाच्या बदल्यात कोणी काही दिलं-घेतलं असेल तर तो गुन्हा आहे."

धनराजचा चेहरा उतरला. हे पत्रे म्हणजे पोरीची किंमत असं या बाईने लिहून टाकलं तर? धनराजला बेड्या घालतील का? रंजूने चुलीतली लाकडं उगाच मागे ओढली आणि पुन्हा पुढे सारली.

"तृप्ती, इकडे ये बेटा," रुपाबाई म्हणाल्या. "तुला कुठे जायचंय माहीत आहे?"

"आयर्लंडले. आईकडं." तृप्तीला सगळं पाठ होतं. "तिथिसा मायी खोली हाये. निळा पलंग हाये."

"आई कुठे आहे तुझी?"

"सांगतलं ना. आयर्लंडले."

"बरं. आणि ह्या कोण?"

तृप्तीने चुलीकडे पाहिलं. "ते काकू."

रुपाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी मांडीवरचा जन्माचा दाखला पुन्हा पाहिला. मग एकेकाकडे पाहिलं. बेबीबाईने बोलायला तोंड उघडलं, तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"मला एकट्या रंजूताईंशी बोलायचंय."

"तिले नाही समजत जी काही. मले पुसा."

"त्यांनाच विचारायचं आहे, आजी. नियमच आहे."

घरामागे सुकटीचा वास भरला होता. जुन्या जाळ्यावर झिंगे वाळत पडले होते. रुपाबाई एका दगडावर बसल्या. रंजू उभीच राहिली.

"भिऊ नका."

"भेव नाही जी," रंजू म्हणाली. तिने हात पदरात लपवले.

"तृप्ती तुमची मुलगी आहे ना?"

"हाव."

"तिला दत्तक द्यायची तुमची स्वतःची इच्छा आहे का? कोणाची जबरदस्ती?"

रंजूने सवयीने मागच्या दाराकडे पाहिलं. या घरात तिला प्रश्न आला की उत्तर तिथून यायचं. दारात कोणी नव्हतं. ती तशीच पाहत राहिली, आणि तिला एकाएकी कळलं की आता उत्तर द्यायला दुसरं कोणीच नाही. तिला रडू आलं.

"मले आजवरी कोणी पुसलंच नाही जी."

"मी विचारतेय."

"नाही म्हटलं तं रीताबाई जीव देईन. वाईट बाई नाही जी ते. तीन लेकरं गेले तिचे. अन् हाव म्हटलं तं..." पुढचं तिला सांगता येईना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण रंजूला दोन्हीकडे आपली पोरच बुडताना दिसत होती.

रुपाबाई म्हणाल्या, "हो म्हणालात तरी मी तेच लिहीन, नाही म्हणालात तरी तेच. तिकडचे लोक चांगले आहेत असा अहवाल आहे. ती गेल्यावरही दोन वर्षं तिथले अधिकारी घरी जाऊन तिला भेटतील, आम्हाला कळवतील. ती काळजी करू नका. पण पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती घ्यावी लागते. जिल्हाधिकारी साहेबही तिला विचारतील. आई कोण हेच तिला माहीत नसेल, तर तिच्या 'हो'ला अर्थ काय? मोठी झाल्यावर हे कागद तिच्या हातात पडतील. तेव्हा ती कोणाला जाब विचारेल?"

"मंग?"

"तिला खरं सांगावं लागेल. मी सांगू का?"

"नाही," रंजू पटकन म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ऐकून आश्चर्य वाटलं. "मी सांगतो."

"मी ग्रामपंचायतीत जाऊन येते. तोवर बोला. आणि नाहीच जमलं तरी घाबरू नका, मी परत येईन."

गाडी निघून गेली आणि बेबीबाई मागच्या दारात आली.

"सांगू नोको रंजू. हात जोडतो तुले."

"माय, तिले कई ना कई समजनच."

"सांगशीन तं पोरगी जाणार नाही. तुले काय वाटलं, मीनं तिले काकू म्हणायले कायले लावलं? तुयासाठीच लावलं. वासरू इकायचं असलं का आदीपासूनच त्याचं दावं अलग बांधतेत. मंग गाय जास्त हंबरत नाही."

म्हातारी कळवळून बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने खरोखरच चांगलं करायला घेतलं होतं, एका सुनेचं रिकामं पोट आणि दुसरीचं भरलेलं घर यांचा तिने आपल्या परीने हिशेब बसवला होता. रंजूला तिचा राग येत नव्हता, हीच मोठी अडचण होती.

"मी इकली नाही माय तिले," ती एवढंच म्हणाली.

तिने उकडलेले शिंगाडे पदरात घेतले आणि तृप्तीला तलावाच्या पाळीवर नेलं. पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या, मधून डोंगा, म्हणजे लहान होडी, जाण्याएवढी वाट. तृप्ती शिंगाडे दाताने फोडून खात होती आणि सालं पाण्यात फेकत होती.

"काकू, आईच्या गावात तलाव नाही, मोठा समुद्र हाये. आई म्हणे आपण जाऊ. तू काहून नाही येत तिकडं?"

"तृप्ती, आयक." बाजारात बसून दिवसभर ओरडणारी बाई, पण आता तोंडातून शब्द निघेना. अजूनही उठून घरी जाता येईल, असं तिच्या मनात आलं. पोर हसतखेळत जाईल. कोणाला काही दुखणार नाही, एकटीला दुखेल, आणि त्याची तर सवय आहे. पण मग ती बाई परत येईल आणि पोरीला विचारेल, ह्या कोण, आणि पोर पुन्हा तेच म्हणेल. ते आपल्याला ऐकवणार नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

"तू मायी पोर हायेस. मायाच पोटातून झाली तू."

तृप्ती हसली. "खोटं."

"खरं हाये बापा. देवाची आण."

"मंग आई?"

"तेही तुयी आईच. तिच्या ओटीत देल्लं होतं तुले आजीनं, बारशाच्या दिवशी."

तृप्तीच्या हातातला अर्धा शिंगाडा तसाच राहिला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती शाळेतलं गणित सोडवताना पडतात तशाच आठ्या होत्या.

"मंग अमरदादा?"

"तो तुया सख्खा भाऊ."

मग तिने विचारलं, "मंग मले काहून देल्लं? त्याले काहून नाही देल्लं?"

रंजूने सगळ्या प्रश्नांची भीती बाळगली होती, या एका प्रश्नाची नव्हती. आणि नेमकं याचंच उत्तर तिला माहीत होतं. तृप्तीच्या जागी पोरगा असता तर बेबीबाईने त्याला पाळण्यातून उचललाच नसता. हे सात वर्षांच्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मले कोणी पुसलं नाही," ती म्हणाली. "अन् मी बी बोलली नाही. भेली मी. तई भेली अन् मंग रोजच भेत राह्यली."

"तू मले काकू म्हणू देल्लं."

"हाव."

तृप्ती उठली. उरलेले सगळे शिंगाडे तिने रंजूच्या पदरातून उचलून पाण्यात फेकले आणि एकटी घराकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. रंजूलाही हाक मारायचं धाडस झालं नाही.

रुपाबाई परत आल्या तेव्हा तृप्ती ओसरीतल्या धानाच्या कोठीमागे जाऊन बसली होती. बाहेर यायला तयार नव्हती. तुला जायचंय का, या प्रश्नावर तिने गुडघ्यांत तोंड खुपसलं.

"सांगितलंत?" रुपाबाईंनी विचारलं.

"सांगतलं."

अंगणात सगळे उभे होते. बेबीबाईने तोवर रीताला फोन लावून दिला होता. पडद्यावर रीताचा चेहरा होता, दवाखान्याचे कपडे अंगावर, डोळे सुजलेले. तिला सगळं कळलं होतं.

"रंजू," रीता म्हणाली, "इथल्या सरकारी बाईनं मलेही पुसलं होतं, पोरीले माहीत हाये का म्हणून. मी हाव म्हटलं. खोटं बोलली मी. मले भेव वाटलं का ते नाही म्हणतीन."

इतकी वर्षं रंजूला वाटत होतं, भिणारी आपण एकटीच. समुद्रापलीकडे निळा पलंग मांडून बसलेली ही बाईही तेच करत होती. रंजूला तिची दया आली, आणि त्या दयेपोटी हो म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलंही. मग तिने कोठीकडे पाहिलं. कोठीमागून तृप्तीचा एक पाय दिसत होता.

"मॅडम, पयले हे लिवा," ती म्हणाली. "मी तिची माय. रंजू धनराज."

"लिहिलं. आणि संमती?"

"आज नाही जी."

बेबीबाई मटकन खाली बसली. "नाक कापलं वं तू मायं! समाजासमोर शब्द देल्ला होता मीनं."

"तू देल्ला होता माय. मीनं नाही." रंजूचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "रीताबाई, तुमी आयकून राहिले ना? तिले मले वळखू द्या. मोठी होऊ द्या. मंग तिनं येतो म्हटलं, तं मी सोताच्या हातानं तुमच्या ओटीत देईन. आता झोपीतल्या पोरीले उचलल्यासारखं नोको."

फोनमध्ये रीता रडत होती. तिने फोन बंद केला नाही. कोणी तिला बंद करायला सांगितलंही नाही.

सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. धनराज कधी फार बोलायचा नाही, माशांबरोबर राहून त्यांच्यासारखाच झाला होता. त्याने घरावर नजर टाकली.

"पत्रे उतरवून देऊ दादाले," तो म्हणाला. "पयले मातीचे कवेलूच होते."

"तसं काही करायची गरज नाही," रुपाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद पिशवीत घातले. आई आज तयार नाही, मुलगी गोंधळलेली आहे, एवढंच आपण लिहिणार, असं त्यांनी सांगितलं. पोरीशी बोलायला भंडाऱ्याहून एक ताई येईल, पुन्हा पुन्हा येईल. मग जो निर्णय होईल तो. जाताना त्यांनी रंजूच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी पाळीवरून दिसेनाशी होईपर्यंत रंजू उभी होती. भीती गाडीबरोबर जाईल असं तिला उगाच वाटलं होतं. ती गेली नाही. उलट आता नव्याने सुरू झाली. पोरगी हातची गेली आणि जावेची दारंही बंद झाली, असं तर आपण करून बसलो नाही ना?

दिवेलागणीला बेबीबाई भिंतीकडे तोंड करून निजली. जेवणार नाही म्हणाली. रंजूने भात शिजवला, माशाचं सार केलं. अमर जेवून गेला. "माय, अजून भात दे," असं तो नेहमीसारखं म्हणाला तेव्हा कोठीमागे काहीतरी हललं.

बऱ्याच वेळाने तृप्ती स्वयंपाकाच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल, गालावर कोठीची माती. ती रंजूकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलले. एक हाक ओठावर आली आणि तिने ती गिळली. दुसरी तिला येईना.

"भूक लागली," ती म्हणाली.

रंजू थोडी थांबली. आणखी एक शब्द येईल म्हणून थांबली. आला नाही. तिने ताट घेतलं, भात वाढला, माशाचा तुकडा काढला आणि नेहमीसारखी काटे काढायला बसली.

तृप्तीने ताट आपल्याकडे ओढलं. "मी काढतो," ती म्हणाली.

ती दिव्याजवळ सरकली आणि लहान बोटांनी मासा उकलू लागली. रंजूने हात पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले. पोरगी घास घेत होती, आणि एखादा काटा राहिला असेल म्हणून रंजू तिच्या गळ्याकडे बघत बसली.